टाचेवरची कोळंबी

मी जेल बनवायची असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या केसांकडे बघतो. माझे केस जन्मात कधी जागेवर बसलेले नाहीत, त्यामुळे त्याचा माझ्यावरचा विश्वास तिथेच उडतो. मग मी घाईघाईने सांगते, केसांना लावायचं नाही हो, जखमेवर लावायचं. "म्हणजे मलम?" मलमही नाही. इथपर्यंत आलं की मला एक बशी आणि सुरी लागते, आणि ती आणायला मी लगेच उठते. नवऱ्याच्या मते मला उठायला फक्त निमित्त हवं असतं. खरं आहे ते. एका जागी बसणं मला शाळेपासून जमलेलं नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या ज्या छोट्या कंपनीत मी सगळी नोकरी काढली, तिथे माझ्या खुर्चीवर मुख्यतः माझी पर्स बसायची.

तर जेल. घरातलं उदाहरण द्यायचं तर चायना ग्रासची जेली घ्या. दिसायला घट्ट, पण आत बहुतेक पाणीच. ते पाणी धरून ठेवतं धाग्यांचं एक अतिशय बारीक जाळं. आमच्या जाळ्यात धागे दोन प्रकारचे. एक कोळंबीच्या टरफलांतून काढलेला, त्याला कायटोसॅन म्हणतात. टरफलं आम्लात घातली की त्यातला चुना जातो, मग कॉस्टिक सोड्यात उकळली की बाकीचा मालमसाला जातो, आणि शेवटी हाती येते पांढरट, बिनवासाची भुकटी. बिनवासाची हे मी मुद्दाम सांगते, कारण तिच्या आधीच्या पायऱ्यांच्या वासावरून शेजारच्या कारखान्याशी आमची कायम भांडणं असायची. दुसरा धागा समुद्री शेवाळातला. दोन्हींची पातळ द्रावणं एका जोडसिरिंजमध्ये भरायची. दट्ट्या दाबला की ती तोंडाशी एकत्र येतात आणि बघता बघता जखमेवर मऊ, थलथलीत थर बसतो.

आता खरी गंमत. हा थर सुरीने कापा. दोन तुकडे एकमेकांना टेकवून ठेवा, जरा थांबा आणि चिमट्याने उचला. एकच तुकडा वर येतो. गोंद नाही, गरम करणं नाही, काही नाही. कारण ह्या धाग्यांनी एकमेकांचे हात धरलेले असतात, पण कायमचे नाहीत. ते सारखे सोडतात, पुन्हा धरतात, कधी ह्याचा, कधी शेजारच्याचा. कापल्यावर जे हात सुटतात ते तुकडे जवळ येताच समोर मिळेल तो हात पकडतात. थोडक्यात, आतून अत्यंत अस्वस्थ असा हा पदार्थ आहे. म्हणूनच आमचं दोघांचं जमलं असावं.

ह्याचा उपयोग काय? टाच, गुडघा, कोपर, बोटांची पेरं ह्यांवरच्या जखमा हलत्या असतात. माणूस हलला की साधं ड्रेसिंग उकलतं, फट पडते, फटीतून घाण आत जाते. आमचं जेल तडकलं तर आपलं आपण सांधतं. शिवाय त्यात औषध भरता येतं, ते हळूहळू झिरपत राहतं. सांध्यातल्या झिजलेल्या कूर्चेत सुईने सोडायचं जेल, अंगावर चिकटवायचे मऊ सेन्सर, असं बरंच काही लोक करू बघताहेत. आम्ही टाच धरली. मधुमेहाने बधिर झालेल्या पायांच्या टाचा आपल्याकडे इतक्या आहेत की दुसरीकडे बघायची गरजच नव्हती.

"आपलं आपण सांधणारं" हे शब्द मात्र फार धोक्याचे. ते बाहेर फुटले आणि आमच्याकडे माणसांची रीघ लागली. टिटवाळ्याचे एक बिल्डर गाडी घेऊन आले. त्यांच्या नव्या इमारतीत लोक राहायला यायच्या आतच भिंतींना चिरा आल्या होत्या. "मॅडम, प्लास्टरमध्ये मिक्स करून दिलं तर? रात्रीत भिंत जुळली पाहिजे." मी म्हटलं, हे ओलं असेपर्यंतच काम करतं. ते म्हणाले, "ओल तर आमच्याकडे भरपूर आहे." उल्हासनगरचे एक गृहस्थ चेहऱ्यावर लावायचा मास्क मागायला यायचे. बाईने हसलं तरी मास्क तडकायला नको, एवढीच त्यांची अट. त्यांना मी दर वेळी चहा पाजून परत पाठवायची आणि मागे आमच्या कंपनीचे मालक, शेठ, मला म्हणायचे, "हा माणूस आपलं पोट भरेल, आणि तुम्ही त्याला नुसता चहा पाजता."

आम्ही पहिलं जेल इतकं पटकन जुळणारं केलं होतं की भेटीला आलेला प्रत्येक जण टाळ्या वाजवायचा. टाळ्यांची चटक वाईट. ते जेल टाचेवर लावलं आणि माणूस उभा राहिला की सगळं मोज्यात उतरायचं. मग ते घट्ट केलं, तर सुकलेल्या साबणासारखं तडकायला लागलं आणि जुळेना. धाग्यांचे हात फार घट्ट धरायला लावले तर सुटल्यावर ते पुन्हा धरत नाहीत, आणि ढिले ठेवले तर वजन पेलत नाहीत. ह्या दोन्हींच्या मधली जागा शोधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मला विचाराल तर मजेत गेली.

अखेर सगळ्या परवानग्या हाती आल्या आणि ठाण्यातल्या एका रुग्णालयात थोड्या रुग्णांवर चाचणी सुरू झाली. तिथल्या डॉक्टर केतकी वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण शिस्तीला कडक. सिरिंज नीट चालते की नाही हे बघायला ड्रेसिंगच्या दिवशी मी हजर राहायची.

माझी काळजी एकच होती, शाकाहारी रुग्णांची. मी स्वतः शाकाहारी घरातली. टरफलं हाताळून घरी आले की आईने मला बाथरूममध्ये पिटाळल्याशिवाय कधी चहा दिला नाही. त्यामुळे ज्याच्या त्याच्या तोंडावर सगळं स्पष्ट सांगायचं, ही माझी हट्टाची गोष्ट. संमती घेताना रुग्णाला "कवचधारी जलचरांपासून मिळवलेला घटक" असं सांगितलं जायचं, पण त्या शब्दांतून कोळंबी कोणाच्या डोळ्यांपुढे येणार? डोंबिवलीचे एक निवृत्त गणिताचे सर होते, गळ्यात माळ, कांदाही न खाणारे. त्यांना मी सरळ कोळंबी म्हणून सांगितलं आणि श्वास रोखून उभी राहिले. सरांनी पायाकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "लावायचंच आहे ना? लावा. हिला मात्र काही बोलू नका." मला वाटलं, चला, अवघड पेपर सुटला.

आणि मग हिराबाई आल्या. बाळकुमच्या कोळीण. सभोवती टॉवर उठले तरी ह्यांचं कौलारू घर आणि दारातली तुळस होती तिथेच. खाडीत कालवं काढताना शिंपल्याची धार टाचेत घुसली, आणि साखरेमुळे पाय बधिर, त्यामुळे ते कळलंच नाही. सुनेने, रेश्माने, लादीवर रक्ताचे ठसे बघितले तेव्हा कळलं. तेव्हापासून टाच उघडीच होती. सगळ्या प्रकारची ड्रेसिंगं करून झाली होती. डॉक्टर केतकींनी हात जोडून सांगितलं होतं की पाय जमिनीला लावू नका. हिराबाई मान डोलवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाटी घेऊन बाजारात हजर. जखम हाडाला भिडली तर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, हेही त्यांना स्वच्छ सांगितलेलं होतं.

पहिल्या वेळी जेल लावलं तेव्हा मी नेहमीसारखी टेबलाभोवती घिरट्या घालत होते. हिराबाई म्हणाल्या, "काय गो बाय, तुला काय मुंग्या चावतान का? जरा बस की." सगळे हसले. पुढच्या ड्रेसिंगला त्या आल्या तेव्हा जेल दोन ठिकाणी तडकून पुन्हा जुळलेलं दिसत होतं आणि खालची जखम किंचित लाल, ताजी झाली होती. ह्या धंद्यात असा लाल रंग बघायला मिळणं म्हणजे सण. मला राहवलं नाही. ह्या बाईंना सांगायला तर काहीच अडचण नाही, उलट त्या खूश होतील, असं मला वाटलं. मी म्हटलं, "हिराबाई, हे कशाचं आहे माहीत आहे? तुमच्याच कोळंबीच्या टरफलांचं!"

हिराबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"काढ," त्या म्हणाल्या.

"अहो, पण..."

"काढ आत्ता! मी गावदेवीला बोललेय, पाय बरा होवंपर्यंत कोलबीला हात लावनार नाय. कोलबी सोरलीय मी. घरात शिजली तरी मी भाईर बसते. आन तू तीच माज्या पायाला बांधलीस?"

रेश्मा समजावायला लागली, "आई, खायचं नाहीये ना पण, लावायचंय फक्त. मेडिसिन आहे ते." हिराबाईंनी तिच्याकडे असं बघितलं की ती गप्प झाली. रुग्ण नको म्हणाला की काढायचं, ह्यात चर्चा नसते. डॉक्टर केतकींनी जेल धुऊन काढलं, साधी पट्टी बांधली, आणि हिराबाई लंगडत बाहेर गेल्यावर माझ्याकडे वळल्या. "मॅडम, तुम्हाला कोणी विचारलेलं?"

कोणी विचारलं नव्हतं. पण न सांगताही चाललं नसतं, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. आपल्या पायाला काय लावलंय हे त्या बाईला कळायलाच हवं होतं. डॉक्टर म्हणाल्या, "कळलं ना आता? आता पाय गेला तर काय कळून उपयोग?" दोघीही बरोबर होतो, आणि त्यामुळे मला घरी जाऊन भांडता येईल असं कोणीच उरलं नव्हतं.

पुढच्या ड्रेसिंगला हिराबाई आल्या नाहीत. मी प्रयोगशाळेत जाऊन सगळी काचेची भांडी घासली, जी आधीच घासलेली होती. शेठना विचारलं, अळंबीतूनही कायटोसॅन निघतं, तसं करू या का? ते म्हणाले, करा की, पण ते जेल नवं धरलं जाईल, सगळ्या परवानग्या पहिल्यापासून. म्हणजे पाय तोवर थांबणार नव्हता. शेवटी मी रिक्षा करून बाळकुमला गेले. समजूत घालायची नाही, दबाव आणायचा नाही, फक्त विचारपूस करायची, असं डॉक्टरांना कबूल करून गेले होते.

हिराबाई ओट्यावर सुके बोंबील निवडत बसल्या होत्या. पट्टी ओली दिसत होती. म्हणजे आजही बाजार झाला होता. मला बघून त्या रागावल्या नाहीत, उलट रेश्माला चहा टाकायला सांगितला. मी अळंबीचं सांगितलं, वेळ लागेल हेही सांगितलं.

"मना रागबिग नाय गो तुजा," त्या म्हणाल्या. "तू सांगितलंस ते बरंच केलंस. नाय सांगितलं असतंस तर मी आईला फशिवलं असतं."

"पण तुम्हाला माहीतच नव्हतं ना. मग फसवणं कसं?"

"तिला तर म्हायती होतं."

मी ओट्यावरून उठले, तुळशीपर्यंत गेले, परत आले. माझ्या पायांच्या दोन्ही टाचा धडधाकट होत्या आणि त्यांचा मला इतका राग पहिल्यांदाच आला. पलीकडे कुठल्याशा संकुलाच्या पोहण्याच्या तलावात मुलं ओरडत होती. मला मोठ्याने ओरडून सांगावंसं वाटत होतं की बाई, पाय जाईल, तुमची देवी पाय मागेल का? पण मी शब्द दिला होता, आणि खरं म्हणजे हे बोलायचा मला अधिकारही नव्हता.

"तू कदी काय सोरलंयस का देवासाठी?" त्यांनी विचारलं.

मी विचार केला. "नाही. मला वाटतं मला जमणारच नाही."

"बसून राव्हायचं तेवरं सोरलंयस," त्या म्हणाल्या आणि स्वतःच खळखळून हसल्या. मग हसू थांबल्यावर पायाकडे बघत हळू आवाजात म्हणाल्या, "मना भ्या वाटतं गो. पाय गेला तर मी बाजारात जानार कशी? बगते. कौल लावते."

कौल म्हणजे देवीच्या मूर्तीला फुलं चिकटवून प्रश्न विचारायचा आणि फूल कुठल्या बाजूने पडतं ते बघायचं; उजवं पडलं की होकार. मी रसायनशास्त्राची पदवीधर. माझ्या आयुष्याच्या सगळ्या कामाचं भवितव्य एका फुलावर टांगलेलं ठेवून मी घरी आले. त्या दिवसांत मी घरातली सगळी कपाटं लावली, ज्यांच्याशी भांडायचं नव्हतं त्यांच्याशीही भांडले, आणि प्रत्येक फोन पहिल्या घंटीलाच उचलला. नवरा म्हणाला, "तू एक तर देवळात जा नाही तर झोप." ह्यातलं काहीच मला येत नव्हतं.

मग रेश्माचा फोन आला. "मॅडम, आई येतायत उद्या. जेल रेडी ठेवा."

हिराबाई आल्या त्या नव्या लुगड्यात, डोक्यात अबोलीची वेणी, आणि पहिल्यांदाच चाकाच्या खुर्चीत. टेबलावर पाय टाकून त्यांनी सगळं सांगितलं. पहिल्यांदा विचारलं, आई, कोलबी पायाला लावली तर चालंल का? फूल हललं नाही. म्हणजे देवी रुसली. दिलेलं परत घ्यायचं तर त्याहून मोठं काही तरी द्यायला हवं. मग त्यांनी विचार केला, कोळंबीपेक्षा आपल्याला जास्त आवडीचं काय आहे?

"काय?" मी विचारलं.

"बाजार," हिराबाई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे एकदम भरून आले. "लगीन झालं तवापासून बसते मी बाजारात. आईला बोलले, कोलबी मना परत दे, बाजार तू घे. पाय भरंपर्यंत पाटीला हात लावनार नाय, दवाखाना सोरला तर उंबरा उतरनार नाय. तवा बग, उजवं फूल पडलं."

डॉक्टर केतकींनी हातातला चिमटा खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. जे त्या कितीतरी दिवस हात जोडून मागत होत्या, ते देवीला एका फुलात मिळालं होतं.

मी सिरिंज जोडून दिली. ह्या वेळी मी स्टुलावर बसले होते.

हिराबाईंनी नवस पाळला तो अक्षरशः. रेश्मा सांगायची, आई खिडकीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्या कोळणींना भाव विचारतात आणि चुकीचा वाटला तर आतून शिव्या देतात, पण उंबरा ओलांडत नाहीत. टाच कडेने भरत आली, मग मधून, आणि एक दिवस तिथे फक्त गुलाबी, सुरकुतलेली कातडी उरली. पाय वाचला. मी आनंदाने त्यांना मिठी मारली.

हिराबाई गेल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, "जेलमुळे ना?" डॉक्टर म्हणाल्या, "जेल असेल. न चालणं असेल. दोन्ही एकाच दिवशी सुरू झालं, मॅडम, मी कसं वेगळं काढू?" तेच खरं होतं. बाकीच्या रुग्णांचंही साधारण तसंच झालं. कोणाला फायदा, कोणाला नाही, आणि स्वस्त पट्टीपेक्षा आमचं महागडं जेल चांगलं आहे असं छातीवर हात ठेवून म्हणता येईना. माझ्या मते चाचणी अजून मोठी करायला हवी होती. शेठ म्हणाले, "चांगलं आहे, पण परवडत नाही." माझ्या निवृत्तीनंतर ते काम बंद झालं. आता ते जेल उल्हासनगरला एका सुंदर डबीत भरलं जातं आणि बायका ते डोळ्यांखाली लावून हसतात. तडकत नाही म्हणे. ह्याचं मला वाईट वाटतं, ते लपवण्यात अर्थ नाही.

पाय भरला त्याच आठवड्यात हिराबाईंनी मला जेवायला बोलावलं होतं. नवस फिटल्यावरची पहिली कोळंबी. मी खात नाही हे कळल्यावर त्या क्षणभर हिरमुसल्या, मग आत गेल्या आणि धुऊन उन्हात वाळवलेल्या टरफलांची पिशवी माझ्या हातात ठेवली. "खाऊ नको. ही ने. कोनाच्या तरी पायाला लाव."

तेव्हापासून दर थोड्या दिवसांनी पिशवी येते. रेश्मा कामासाठी डोंबिवलीला येते, ती आणून देते. काम बंद पडलंय हे मी त्यांना सांगितलेलं नाही. कोळंबी म्हणून सांगताना ज्या तोंडाला दम निघाला नाही, ते तोंड आता पिशवी हातात घेतं आणि मिटतं. टरफलं मला फेकवत नाहीत. मी ती गॅलरीत पुन्हा उन्हात घालते, बरण्यांमध्ये भरते. सोसायटीच्या सेक्रेटरींनी वासाबद्दल दोनदा बेल वाजवली. दर वेळी ठरवते, ह्या खेपेला सांगायचं.

परवा हिराबाईंचाच फोन आला. मागे बाजाराचा कलकलाट होता. म्हणाल्या, "गो बाय, आजूबाजूच्या सगल्या बायांना सांगून ठेवलंय मी, टरफलं टाकू नका म्हनून. आता गोनभर येतील."

मी फोन कानाला लावून घरभर फिरत होते. सांगायचंच असं ठरवून थांबले, आणि म्हणाले, "हिराबाई, आहेत तेवढी पुरतात हो."

"काय तरी बोलू नको," त्या म्हणाल्या. "येवरं पाय हायेत दुनियेत. पुरतील कशी?"